उतारवयातील घरबदल : सोडणे, विकणे आणि नावावर करणे

उतारवयात राहते घर बदलावे की नाही, हा प्रश्न जुन्या नाशकात पावसाळ्याच्या तोंडावर हमखास डोके वर काढतो. कारण याच सुमारास महापालिका धोकादायक वाड्यांना नोटिसा बजावते, आणि पुढे गोदावरीचे पाणी दुतोंड्या मारुतीच्या मूर्तीच्या गुडघ्याला लागले की कमरेला, यावरून नदीकाठचे रहिवासी पुराचा अंदाज बांधू लागतात.

वाड्याचा उंच उंबरा, आधाराला दोर सोडलेला अरुंद, उभा लाकडी जिना आणि चौकापलीकडचे शौचालय ही रचना जन्मभर अंगवळणी पडलेली असली, तरी गुडघे कुरकुरू लागले की तीच माणसाला माडीवर अडकवून ठेवते. उलटपक्षी, इंदिरानगर किंवा पाथर्डी फाट्याकडील सदनिकेत लिफ्ट आणि कमोड मिळतात. मात्र ओळखीचा वाणी, नेहमीचे देऊळ आणि हाकेला ओ देणारा शेजार मागे राहतो, आणि भाजी आणण्यासाठीही रिक्षा शोधावी लागते. म्हणून तुलना चौरस फुटांची नव्हे, तर सकाळपासून रात्रीपर्यंतच्या दिनक्रमाची करणे श्रेयस्कर ठरते.

तथापि, खरी गफलत घर सोडणे, ते विकणे आणि मुलांच्या नावावर करणे हे तीन स्वतंत्र निर्णय एकाच बैठकीत उरकण्यात होते. भाडेकरूने खोली सोडण्यापूर्वी महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा, १९९९ लक्षात घ्यावा. सबळ कारणाशिवाय जागा सलग सहा महिने वापरात नसेल, तर मालकाला ती परत मिळवण्यासाठी दावा लावता येतो. मालकाने घर विकल्यास होणाऱ्या दीर्घकालीन भांडवली नफ्यावर, म्हणजे दोन वर्षांहून अधिक काळ मालकीची असलेली वास्तू विकून झालेल्या फायद्यावर, कर लागतो. मात्र तो नफा विक्रीनंतर दोन वर्षांत दुसऱ्या राहत्या घराच्या खरेदीत गुंतवल्यास नियमांनुसार सवलत मिळते.

नावावर करण्याचा निर्णय सर्वांत नाजूक होय. मृत्युपत्र हयातीत कधीही बदलता येते, तर बक्षीसपत्राने, म्हणजे मोबदल्याविना केलेल्या नोंदणीकृत हस्तांतरणाने, मालकी तत्काळ जाते. ज्येष्ठ नागरिकांच्या निर्वाहासंबंधीच्या २००७ च्या कायद्यातील कलम २३ नुसार, सांभाळ करण्याच्या अटीवर दिलेली मालमत्ता ती अट मोडल्यास निर्वाह न्यायाधिकरणाकडून परत मिळवता येते. परंतु ती अट दस्तातच स्पष्ट लिहिलेली असणे हिताचे, कारण तोंडी आश्वासन सिद्ध करणे कठीण जाते.

धोकादायक ठरलेल्या वास्तूत मुक्काम लांबवणे कोणत्याही हिशेबात बसत नाही. इतरांनी मात्र नव्या वस्तीत आधी पावसाळ्याचे चार महिने भाड्याने राहून पाहावे, मग विक्रीचा विचार करावा आणि मालकी शेवटपर्यंत स्वतःकडे ठेवावी. हातपाय चालत असतानाच, आणि याच क्रमाने, घेतलेला निर्णय चुकला तरी दुरुस्त करता येतो.