दाढेची कळ थांबल्यावर

लिंबायत, उधना, पांडेसरा या सुरतेच्या भागांत राहणारी आपली मराठी माणसे बहुतांशी खानदेशातून आलेली. त्यांतील पुष्कळजण यंत्रमागावर बारा-बारा तासांची पाळी करणारे. अशा घरात दाढ दुखू लागली की प्रथम लवंगेचे तेल, मग औषधाच्या दुकानातली गोळी, आणि दवाखाना अगदी शेवटी. कारण दवाखाना म्हणजे एका रोजाचा खाडा. काही दिवसांनी ठणका आपोआप थांबतो आणि दाढ बरी झाली असे समजून सारे विसरून जातात. वस्तुतः काळजी करण्याची वेळ तीच होय.

असे का, ते पाहू. तोंडातील जंतू साखरेपासून आम्ल तयार करतात. त्याने दाताचे कठीण कवच विरघळून खळगा पडतो. खळगा खोल गेला की थंड-गरम झोंबू लागते. दाताच्या गाभ्यात शिरा व रक्तवाहिन्या असतात. तेथवर जंतू पोचले की गाभा सुजतो. पण चहूबाजूंनी कठीण भिंती असल्याने सुजेला पसरायला जागा नसते, म्हणून तो जीवघेणा ठणका! पुढे गाभा मरतो. मेलेली शीर दुखत नाही, जंतू मात्र मुळाच्या टोकातून जबड्याच्या हाडात उतरतात आणि तेथे पू साचतो.

लवंगेच्या तेलातील युजेनॉलने दाढ घटकाभर बधिर होते, इतकेच. ॲस्पिरिनची गोळी दाढेपाशी दाबून धरल्यास हिरडी भाजते. मशेरीचे तर नावच नको. ती शेवटी तंबाखूच. जंतुनाशक गोळ्यांनी सूज ओसरली तरी मूळ दुखणे दातातच राहते. खळगा लहान असताना भरून घेतला तर बहुधा एका बैठकीत काम होते. नंतर रूट कॅनाल, नाहीतर दाढच काढावी लागते. थकलेल्या कर्जाचे व्याज असेच चढते, हे वाणिज्य शाखेच्या मित्रांना सांगायला नको. वरची दाढ काढल्याने नजर अधू होते, ही समजूत निराधार आहे.

खालच्या दाढेचा पू जिभेखाली व गळ्यात पसरला तर श्वास कोंडतो. जर्मन वैद्य लुडविग यांनी 1836 मध्ये या विकाराचे वर्णन केले. त्याला आजही त्यांचेच नाव आहे. तेव्हा दुखणे दोन दिवसांहून अधिक टिकले किंवा हिरडीवर फोड आला, तर दंतवैद्याकडे जावे. गालाची सूज डोळ्याकडे किंवा गळ्याकडे सरकू लागली, ताप आला, तोंड उघडेना, थुंकी गिळवेना, तर सकाळची वाट न पाहता रात्रीच सिव्हिल किंवा स्मीमेर गाठावे.