'इश्यू', 'सॉरी' आणि आमचा धंदा

पौड, पिरंगुट, हिंजवडी हा सारा पट्टा मुळशी तालुक्यातला. हिंजवडीला आयटी पार्क उभे राहिल्यापासून इकडचे गिऱ्हाईक बदलले, त्याची बोली बदलली, आणि भांडणाची बोली तर पारच बदलली. कापडाच्या धंद्यात मालाइतकीच माणसेही सांभाळावी लागतात, म्हणून हा विषय व्यापाराच्या पानावर घेत आहोत.

लग्नाचा बस्ता बांधायला दोन्ही घरची मंडळी दुकानात येतात. पूर्वी मानपानावरून कुणी रुसले की 'नाराज आहेत', 'समजूत काढा' असे शब्द कानावर पडत. आता नवरी मुलगी म्हणते, 'आमच्यात कम्युनिकेशन गॅप आहे.' नवरदेव म्हणतो, 'तिचा इगो हर्ट झाला.' वरमाई हळूच आम्हाला विचारते, 'शेठ, हे काय म्हणतात?' आम्ही सांगतो, 'मावशी, दोघांचे एकमेकांशी नीट बोलणे झालेले नाही, एवढेच.'

इंग्रजीला नावे ठेवायची नाहीत. 'सॉरी'चे तर उपकारच मानले पाहिजेत. 'माफी' हा जड शब्द. थोरल्या भावाने धाकट्याची माफी मागायची म्हणजे सारे घर गोळा व्हायचे. 'सॉरी' जाता जाता म्हणता येते. गल्ल्यावरचा मालक नोकराला 'माफ कर' म्हणाल्याचे आम्ही ऐकलेले नाही. 'सॉरी' मात्र रोज ऐकतो.

'इश्यू'ची गोष्ट वेगळी. तक्रार म्हटली की करणारा आला, ज्याच्याविरुद्ध ती आहे तो आला, उत्तर देणे आले. 'इश्यू'ला ना आई ना बाप. एका पार्टीकडून आलेल्या ताग्यांचा रंग पहिल्याच धुण्यात उतरला. फोनवर उत्तर मिळाले, 'कलरचा थोडा इश्यू आहे, अ‍ॅडजस्ट करून घ्या.' चूक कुणाची, भरपाई कोण देणार, कधी देणार, कशाचाच पत्ता नाही! आम्ही लिहून पाठवले : तागे इतके, मीटर इतके, रंग उतरला, माल परत घ्या किंवा रक्कम कमी करा. आठ दिवसांत क्रेडिट नोट आली. क्रेडिट नोट हाही इंग्रजीच शब्द, पण त्यात आकडा लिहावा लागतो.

आम्ही उर्दू शाळेत शिकलो, त्यामुळे शब्दांचा प्रवास आमच्या चटकन लक्षात येतो. उर्दूत 'तक्रार' म्हणजे हुज्जत, मराठीत ती गाऱ्हाणे झाली. 'गैरसमज' अर्धा अरबी, अर्धा मराठी. 'राजीनामा' म्हणजे मुळात दोन्ही पक्ष राजी झाल्याचा कागद. मराठीत तो नोकरी सोडल्याचा कागद झाला. तेव्हा परका शब्द घरात येणे नवे नाही. येताना अर्थ सरकतो, आणि व्यवहारात फसगत होते ती तिथेच.

मुळशीने एका इंग्रजी शब्दाची फार मोठी किंमत मोजली आहे. 1921 मध्ये टाटा कंपनीच्या धरणाविरुद्ध सेनापती बापटांच्या साथीने इथल्या मावळ्यांनी सत्याग्रह केला. जमीन द्यायचीच नाही, हे त्यांचे म्हणणे. 1894 च्या भूसंपादन कायद्याकडे त्यावर एक शब्द तयार होता : 'कॉम्पेन्सेशन'. जमीनधारकाची हरकत ऐकून घेण्याचे कलम त्या कायद्यात आले ते 1923 साली! तोवर लढा सुरू होऊन दोन वर्षे झाली होती.

आता भागीदारीकडे वळू, कारण घरची भांडणे दुकानात येतात ती याच वाटेने. भाऊ चिडून म्हणतो, 'मी रिटायर होतो.' मनात असते, धंदाच मोडून वाटणी करा. 1932 च्या भागीदारी कायद्यात या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. 'रिटायर' म्हणजे एक भागीदार बाहेर पडतो, बाकीच्यांची पेढी चालू राहू शकते. 'डिझोल्यूशन' म्हणजे पेढीच संपली; आधी देणी भागवायची, मग उरलेले वाटायचे. पत्रात एकाऐवजी दुसरा शब्द पडला तर हिशेबच बदलतो. 'विदाउट प्रेज्युडिस' हे शब्दही काही बांधव पत्रावर शोभेसाठी छापून ठेवतात. ते तडजोडीच्या पत्रासाठी असतात : तडजोडीसाठी आम्ही जे देऊ करतो, ती आमची कबुली समजून कोर्टात वापरू नये, असा त्यांचा अर्थ.

आणखी एक. भाऊ रिटायर झाला, पण जाहीर नोटीस दिली नाही, तर पेढीच्या पुढच्या देण्यांतही बाहेरचे लोक त्याला धरू शकतात. पेढी नोंदलेली असेल तर कायद्याप्रमाणे ही नोटीस रजिस्ट्रारकडे द्यावी लागते, राजपत्रात छापावी लागते, आणि पेढीच्या जिल्ह्यात खपणाऱ्या निदान एका देशी भाषेच्या वृत्तपत्रातही छापावी लागते.