दिवस गेले म्हणजे काय?

“सुनेला दिवस गेलेत,” आजी सांगते. समोर वही घेऊन बसलेली मुलगी केरळहून एमबीबीएसला आलेली आहे, असं समजा. तिला ‘दिवस’ माहीत असतो, ‘गेले’ही माहीत असतं. पण सून गरोदर आहे, हे त्या दोन शब्दांची बेरीज करून काही हाती लागत नाही.

शासकीय वैद्यकीय महाविद्यालयांतल्या १५ टक्के जागा अखिल भारतीय कोट्यातून भरतात. त्यामुळे मराठीचा गंधही नसलेली मुलं दरवर्षी महाराष्ट्रात येतात. २०१९ च्या नव्या अभ्यासक्रमाने सुरुवातीच्या महिनाभराच्या फाउंडेशन कोर्समध्ये स्थानिक भाषेला जागा दिली, हे चांगलंच झालं. पण ‘कुठे दुखतं?’ हा प्रश्न दोन दिवसांत पाठ होतो. खरी परीक्षा उत्तर ऐकताना असते. ठणकतं, ठसठसतं, कळ येते, चमक मारते, आग होते, मुंग्या येतात. या प्रत्येक शब्दामागे वेगळं दुखणं आहे, आणि निदानाची वाट बऱ्याचदा तिथूनच फुटते.

ही मराठी घरोघरी जाऊनच कानावर पडते. सेवाग्रामला १९६९ मध्ये डॉ. सुशीला नायर यांनी सुरू केलेल्या महात्मा गांधी आयुर्विज्ञान संस्थेत प्रत्येक तुकडी एक गाव दत्तक घेते. पहिल्याच वर्षी विद्यार्थी पंधरा दिवसांच्या शिबिरासाठी गावात राहतात. प्रत्येकाच्या वाट्याला काही कुटुंबं येतात. त्यांची आरोग्य-पाहणी करायची, वजन-रक्तदाब तपासायचा आणि शिबिरानंतरही जात राहायचं. २०२२ पासून कुटुंब दत्तक योजना देशभरच्या एमबीबीएस अभ्यासक्रमात आली आहे.

या उपक्रमाचा हेतू ग्रामीण आरोग्य आहे, भाषा नव्हे. तरी भाषा शिकायला यापरता चांगला प्रकल्प शोधून सापडणार नाही, कारण इथे काम खरं आहे आणि ऐकण्यात चूक झाली तर नोंदही चुकते. एन. एस. प्रभू यांनी १९७९ ते १९८४ या काळात दक्षिण भारतातल्या शाळांमध्ये हेच धरून इंग्रजी शिकवलं: व्याकरणाचे धडे बाजूला ठेवून नकाशे, वेळापत्रकं असं काही सोडवायला द्यायचं. अर्थाशी झटापट करता करता भाषा अंगवळणी पडते, हा त्यांचा विश्वास.

मात्र नुसतं गावात नेऊन सोडलं की झालं, असं नाही. मराठी येणारा मित्र दुभाषा झाला, की बाकीचे गप्प बसतात; पाहणी पुरी होते, भाषा तिथेच राहते. म्हणून परत आल्यावर मराठीच्या शिक्षकाने त्या वह्या उघडायला हव्यात. पुस्तकात ‘दुखत आहे’ असतं, वर्ध्याच्या बाजूला ‘दुखून राहिलं’ ऐकू येतं. हा फरक फळ्यावर यावा. ‘अंगावरून जातं’ म्हणताना बाई आवाज का उतरवते, त्यावर बोलणं व्हावं. आणि या कामाला गुण असावेत.

पुढच्या महिन्यात ती मुलगी पुन्हा त्या ओसरीवर येते. “आजी, ताईंना कितवा महिना?” “सातवा लागला.” लागणं म्हणजे इजा होणं, एवढंच तिला ठाऊक असतं. ती वही उघडते आणि आजीलाच विचारते.