एकसरचे वीरगळ : सागरयुद्धात पडलेल्यांची शिल्पस्मृती

मोर्णा नदीच्या पश्चिम तीरावर असदगडाच्या आश्रयाने वसलेल्या अकोल्याच्या जुन्या शहरापासून मुंबई रेल्वेने सुमारे ५८० किलोमीटर दूर असल्यामुळे आरमार आणि सागरी युद्ध हे विषय वऱ्हाडाला परके वाटणे स्वाभाविक आहे. तथापि अकोल्याजवळच्या बार्शीटाकळी येथील हेमाडपंती मंदिर, म्हणजे चुन्याविना दगडात दगड बसवून रचलेल्या शैलीचे मंदिर, ज्या यादव राजवटीच्या काळाची साक्ष देते, त्याच राजवटीने तेराव्या शतकात कोकण किनाऱ्यावर एक मोठे सागरी युद्ध जिंकले. त्या युद्धाशी जोडले जाणारे शिल्पित अवशेष मुंबईच्या बोरिवली उपनगरातील एकसर या जुन्या गावठाणात आहेत आणि समुद्रात प्राण वेचणाऱ्यांच्या महाराष्ट्रातील स्मारकांत त्यांचे स्थान अनन्यसाधारण आहे.

युद्धात किंवा गाव, स्त्रिया व गोधन यांच्या रक्षणार्थ लढताना मरण पावलेल्या योद्ध्याच्या स्मरणार्थ उभारलेल्या शिळेस वीरगळ म्हणतात. तिच्या दर्शनी भागावर एकावर एक आडवे शिल्पपट कोरलेले असतात आणि त्यांचा कथाक्रम खालून वर वाचायचा असतो. तळाच्या पटात योद्ध्याचे युद्ध व मृत्यू, त्यावरच्या पटात अप्सरांनी त्याला स्वर्गास नेणे, त्याहून वर त्याने शिवलिंगाची पूजा करणे आणि माथ्यावर कलश, असा हा सर्वसाधारण क्रम असतो. वऱ्हाडासह महाराष्ट्रात वेशीवर किंवा मंदिरांच्या आवारात असे वीरगळ आढळतात. मात्र त्यांवरील युद्ध बहुधा पायदळाचे किंवा घोडदळाचे असते.

एकसरच्या शिळांचे वेगळेपण येथेच आहे. १८८२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ठाणे जिल्ह्याच्या गॅझेटिअरमध्ये तळ्याकाठच्या आमराईत ओळीने उभ्या असलेल्या सहा शिळांची नोंद असून, त्यांपैकी मोठ्या शिळा सुमारे दहा फूट उंच व तीन फूट रुंद असल्याचे म्हटले आहे. दोन शिळांवर जमिनीवरील लढाई, तर चार शिळांवर समुद्रावरील लढाई कोरलेली आहे. एका शिळेच्या तळाशी उंच नाळेची, डोलकाठ्या उभारलेली पाच गलबते एकामागोमाग चालली आहेत. त्यांच्या बाजूंनी वल्ह्यांची रांग आहे आणि वर धनुर्धारी सज्ज आहेत. त्याच्या वरच्या पटात गलबते परस्परांस भिडली आहेत आणि माणसे पाण्यात कोसळत आहेत. त्याहून वर लिंगपूजा व कैलास दाखवलेला आहे. ज्या देहाला अग्नी मिळाला नाही, त्या देहाचा धनीही रणभूमीवर पडलेल्या वीराइतकाच स्वर्गाचा अधिकारी आहे, असा निर्वाळाच शिल्पकाराने या मांडणीतून दिला आहे.

हे युद्ध नेमके कोणते, याविषयी अभ्यासकांत मतभेद आहेत. काहींनी शिल्पांचा काळ अकराव्या शतकापर्यंत मागे नेला असला, तरी अनेक संशोधक त्यांचा संबंध इ. स. १२६५च्या सुमारास देवगिरीचा यादव राजा महादेव आणि उत्तर कोकणचा शेवटचा शिलाहार राजा सोमेश्वर यांच्यात झालेल्या युद्धाशी जोडतात. भूमीवर पराभूत झालेल्या सोमेश्वराने जहाजांचा आश्रय घेतला, परंतु समुद्रातही त्याचा पाठलाग झाला आणि तो बुडून मरण पावला, असे या युद्धाचे वर्णन आढळते. त्याचा एक महत्त्वाचा आधार यादवांचा मंत्री हेमाद्री याने ‘चतुर्वर्गचिंतामणि’ या ग्रंथाच्या व्रतखंडास जोडलेली राजप्रशस्ती हा होय. ज्या हेमाद्रीचे नाव वऱ्हाडातील दगडी मंदिरांच्या शैलीला मिळाले, त्याच्याच ग्रंथामुळे या सागरी युद्धाची वाङ्मयीन नोंद टिकली, हा दुवा अकोलेकर वाचकाने विशेष ध्यानात घ्यावा असा आहे.

प्रशस्तीत राजे आहेत. वल्हे मारणारा नावाडी तेथे नाही. तो एकसरच्या शिळेवर मात्र आहे, आणि या स्थळाचे मोठेपण त्यातच आहे. समुद्रात पडलेल्याची समाधी बांधता येत नाही, म्हणून किनाऱ्यावर त्याची खूण उभारावी लागते, ही गरज पुढेही संपलेली नाही. दीवजवळ ९ डिसेंबर १९७१ रोजी पाकिस्तानच्या ‘हंगोर’ या पाणबुडीने ‘आयएनएस खुकरी’ ही युद्धनौका बुडवली, तेव्हा कॅप्टन महेंद्रनाथ मुल्ला यांच्यासह १८ अधिकारी व १७६ नौसैनिक कामी आले. पाण्याखालील पाणबुडीचा ध्वनिलहरींनी माग काढणाऱ्या सोनार यंत्रणेत सुधारणा करण्यासाठी धडपडणारे तरुण लेफ्टनंट व्ही. के. जैन हेही त्यांत होते. ‘खुकरी’वरील या सर्वांचे स्मारक आज दीवच्या किनाऱ्यावर आहे आणि नौकेचे नाव पुढे माझगाव डॉकमध्ये बांधलेल्या, १९८९ साली नौदलात दाखल झालेल्या नव्या ‘खुकरी’ने चालवले. एकसरची शिळा आणि दीवचे स्मारक यांत सुमारे सात शतकांचे अंतर मानले, तरी दोन्हींमागचे कर्तव्य एकच आहे.

एकसरला जाण्यासाठी पश्चिम रेल्वेचे बोरिवली स्थानक सोयीचे असून, २०२२पासून मेट्रोच्या २-अ मार्गावर एकसर नावाचेच स्थानक झाले आहे. आमराईच्या जागी आता दाट वस्ती आली आहे. स्थानिक रहिवासी या शिळांना देवत्व देऊन शेंदूर लावतात. या श्रद्धेनेच त्या आजवर राखल्या, हे कृतज्ञतेने मान्य करावे लागते. तथापि शेंदराच्या थरांखाली वल्ही, धनुष्ये आणि चेहरे बुजत जातात, हेही तितकेच खरे आहे. पूजा करणाऱ्यांना विश्वासात घेऊन या शिळांची तज्ज्ञांकडून स्वच्छता व्हावी, त्यांवर छप्पर उभारावे आणि शिल्पपटांचा अर्थ सांगणारा मराठी फलक तेथे लावावा. ज्यांची नावे काळाने पुसली, त्यांचे रूप तरी पुसू न देणे हे बोरिवलीकरांइतकेच, यादवांचा वारसा सांगणाऱ्या वऱ्हाडाचेही दायित्व आहे.