दंड की किंमत?

ब्रिटनमध्ये २००६-०७ च्या सुमारास हजारो खातेदार आपल्याच बँकेला पत्रं लिहून जुन्या वसुलीचा हिशेब मागू लागले. खात्यात पुरेसे पैसे नसताना एखादा चेक किंवा ठरलेला हप्ता येऊन थडकला, की बँक तो वटवो वा परत पाठवो, तीस-पस्तीस पौंड कापूनच घेई. तूट चार पौंडांची असो की चारशेंची, रक्कम तीच. खातेदारांचं म्हणणं सरळ होतं: बँकेला यात जेमतेम काही पौंड खर्च येतो, वरचा सगळा दंड आहे आणि तो परत मिळाला पाहिजे. एप्रिल २००६ मध्ये ‘ऑफिस ऑफ फेअर ट्रेडिंग’ या सरकारी यंत्रणेने क्रेडिट कार्डाच्या हप्ता चुकल्याच्या आकारणीवर १२ पौंडांची मर्यादा सुचवल्याने या पत्रांना आणखी बळ आलं. बँका बहुतेक वेळा कोर्टाची पायरी चढण्याआधीच गुपचूप पैसे परत करत. आकारणीचं समर्थन न्यायाधीशासमोर करण्यापेक्षा ते स्वस्त पडत असावं.

जुलै २००७ मध्ये हे थांबलं. सात बँका, नेशनवाइड ही गृहकर्ज संस्था आणि ही सरकारी यंत्रणा यांनी मिळून एक कसोटी-दावा न्यायालयात नेला आणि तोवर बाकीच्या तक्रारी गोठवल्या गेल्या. न्यायालयापुढचा प्रश्न आकारणी न्याय्य आहे का, हा नव्हताच. तिची न्याय्यता तपासण्याचा अधिकार यंत्रणेला आहे का, एवढाच होता. हायकोर्टाने २००८ मध्ये आणि अपील न्यायालयाने फेब्रुवारी २००९ मध्ये ‘आहे’ म्हटलं. नव्याने स्थापन झालेल्या सुप्रीम कोर्टाच्या पाच न्यायमूर्तींनी २५ नोव्हेंबर २००९ रोजी एकमताने ‘नाही’ म्हटलं. ग्राहक-करारांतल्या अन्याय्य अटींबाबतच्या १९९९ च्या नियमांनुसार सेवेच्या मानाने किंमत रास्त आहे का, हे तपासायला मनाई होती, आणि ही आकारणी खातेसेवेच्या एकूण किमतीचाच भाग ठरली. चालू खात्यांवरच्या बँकांच्या उत्पन्नाचा जवळपास तिसरा हिस्सा तिच्यातून येत होता, हा त्यातला एक आधार. म्हणजे वसुली जितकी अवाढव्य, तितकी ती दंडाऐवजी किंमत म्हणून खपायला सोपी! तरी खापर न्यायमूर्तींवर फोडणं बरोबर नाही. हे नियम ज्यावर बेतले होते त्या युरोपीय निर्देशाहून अधिक संरक्षण देण्याची मुभा असताना ब्रिटनने ते दिलं नव्हतं, आणि याचा फेरविचार संसदेने करावा असं त्या पाचांपैकी लॉर्ड वॉकर यांनी निकालातच सुचवलं होतं.

बँकांच्या बाजूने दोन मुद्दे हटकून मांडले जात. एक, याच पैशावर इतरांची खाती फुकट चालतात. दोन, ज्याला शिल्लक सांभाळता येत नाही त्याने भुर्दंड सोसावा. पहिल्याचं उत्तर आकड्यांत आहे: मंजुरीविना काढलेल्या उचलीवरच्या (ओव्हरड्राफ्टवरच्या) २०१६ च्या वसुलीपैकी निम्म्याहून अधिक रक्कम अवघ्या दीड टक्का खातेदारांकडून आली होती, असं ‘फायनान्शियल कंडक्ट ऑथॉरिटी’ या वित्तीय नियामकाला आढळलं. फुकट खात्यांचा भार मेटाकुटीला आलेले थोडे लोक वाहत होते. दुसऱ्या मुद्द्यात तथ्य आहे. पण ज्याने उचल घेतली त्याने रकमेच्या आणि दिवसांच्या प्रमाणात द्यावं, याला व्याज म्हणतात. ठोक आकारात ते प्रमाणच नव्हतं. भारतात रिझर्व्ह बँकेने नोव्हेंबर २०१४ मध्ये किमान शिल्लकीच्या आकारणीबाबत हेच सूत्र धरलं: आकार तुटीच्या प्रमाणात असावा आणि केवळ त्यामुळे खातं उणे होऊ नये.

ब्रिटनमध्ये हे सूत्र यायला एप्रिल २०२० उजाडलं, आणि तेही न्यायालयातून नव्हे, नियामकाच्या आदेशातून आलं. ठोक आकार बंद. मंजूर उचल असो वा नसो, एकच साधा वार्षिक व्याजदर. शंभर पौंडांच्या नामंजूर उचलीचा खर्च दिवसाला साधारण पाच पौंडांवरून वीस पेन्सच्या आत येईल, असा नियामकाचा अंदाज होता. बँकांनी लगोलग दर चाळीस टक्क्यांच्या आसपास नेले, ही टीका खरी आहे. पूर्वी मंजूर उचल स्वस्तात वापरणाऱ्या अनेकांना बदल महागात पडला. पण चाळीस टक्के हा आकडा निदान दुसऱ्या बँकेच्या आकड्याशेजारी ठेवून पाहता येतो. तीस पौंडांच्या ठोक आकाराचं तसं नव्हतं. २००७ मध्ये गोठलेल्या तक्रारींपैकी बहुतेक मात्र २००९ च्या निकालानंतर फेटाळल्या गेल्या. ज्यांनी तक्रारी गोठण्याआधी पत्र टाकलं त्यांना पैसे मिळाले, जे मागे राहिले त्यांना नाही.