पाट्या कुणी लिहिल्या?

केप टाउनमधल्या ‘डिस्ट्रिक्ट सिक्स’ वस्तीवर बुलडोझर चालत होते, तेव्हाची गोष्ट. पाडकामावरच्या एका मुकादमाला सांगण्यात आलं होतं की, गल्ल्यांच्या नावांच्या पाट्या उचलायच्या आणि समुद्रात टाकायच्या. त्यानं त्या टाकल्या नाहीत. घरी नेल्या आणि गपचूप ठेवून दिल्या. पुढे १९९४ साली दक्षिण आफ्रिकेत सर्व वर्णांच्या लोकांनी पहिल्यांदा एकत्र मतदान केलं. त्याच वर्षाच्या १० डिसेंबरला, मानवी हक्क दिनी, ब्युटेनकांत स्ट्रीटवरच्या जुन्या मेथडिस्ट चर्चमध्ये ‘डिस्ट्रिक्ट सिक्स म्युझियम’ उघडलं. त्यात या सत्तरहून अधिक पाट्या एकाखाली एक टांगल्या होत्या. हॅनोव्हर स्ट्रीट, टाइन स्ट्रीट, कॅलेडन स्ट्रीट. गल्ल्या उरल्या नव्हत्या, त्यांची नावं तेवढी परत आली.

एखाद्या देशाची लोकशाही त्याच्या संसदेत पाहावी तशी संग्रहालयातही पाहावी, असं मला वाटतं. संसदेत कुणाचे किती हात वर झाले ते दिसतं. कुणाचं जगणं जपण्याजोगं ठरलं आणि त्याखालची पाटी कुणी लिहिली, हे कळायला मात्र संग्रहालयातच जावं लागतं. दक्षिण आफ्रिकेइतकं हे दुसरीकडे क्वचितच उघडपणे दिसतं, कारण तिथली वर्णभेदाची राजवटच पाट्यांवर चालत होती. कुठल्या बाकावर कुणी बसायचं, टपालकचेरीच्या कुठल्या दारानं कुणी आत जायचं, समुद्रकिनाऱ्याच्या कुठल्या पट्ट्यात कुणी पाय भिजवायचे, हे सगळं पाटीवर लिहिलेलं असे. १९५० च्या एका कायद्यानं प्रत्येक माणसाची वर्णानुसार नोंद झाली. त्याच वर्षीच्या दुसऱ्या कायद्यानं, ‘ग्रुप एरियाज ॲक्ट’नं, कुठल्या वर्णानं कुठे राहायचं ते ठरवलं.

संग्रहालयंही याला अपवाद नव्हती. केप टाउनच्या साउथ आफ्रिकन म्युझियममध्ये १९०७ पासून पुढची सुमारे सतरा वर्षं जेम्स ड्रुरी या कारागिरानं तिथल्या मूळ रहिवासी खोई आणि सान लोकांच्या अंगावर प्लास्टर थापून साचे घेतले. जिवंत, श्वास घेणाऱ्या माणसांचे हे साचे होते. या जमाती लवकरच नाहीशा होणार, तेव्हा नमुने जपून ठेवावेत, हा त्यामागचा हिशोब. साच्यांतून पुतळे झाले, पुतळ्यांना नावं मिळाली नाहीत. पुढे १९६० च्या सुमाराला त्यांतले काही पुतळे एका काचेच्या दालनात शिकारी टोळीचा तळ म्हणून मांडले गेले. इमारत होती निसर्गविज्ञानाची. आजूबाजूला देवमाशांचे सांगाडे, पेंढा भरलेले पक्षी. गोऱ्या वसाहतकऱ्यांचं फर्निचर आणि चांदीची भांडी मात्र वेगळ्या, ‘सांस्कृतिक इतिहासा’च्या संग्रहालयात होती. शाळांच्या सहली दोन्हीकडे जात. कोण माणूस आणि कोण निसर्गाचा भाग, हे शिक्षकांनी वेगळं सांगायची गरजच नव्हती.

आणि ते सांस्कृतिक संग्रहालय होतं कुठे? १६७९ साली डच ईस्ट इंडिया कंपनीनं गुलामांना कोंडून ठेवायला बांधलेल्या ‘स्लेव्ह लॉज’मध्ये. मादागास्कर, मोझांबिक, इंडोनेशिया आणि आपल्याकडच्या बंगाल, मलबार, कोरोमंडल किनाऱ्यांवरून धरून नेलेली माणसं ज्या भिंतींत राहिली आणि मेली, तिथेच मालकांच्या घरातलं सामान मांडून ठेवलं होतं. १९९८ मध्ये इमारतीला तिचं जुनं नाव परत मिळालं. माझ्या लेखी हा बदल एखाद्या नव्या दालनाहून मोठा आहे.

नेल्सन मंडेलांनी सप्टेंबर १९९७ मध्ये रॉबेन आयलंड या जुन्या तुरुंगबेटावरचं संग्रहालय राष्ट्राला अर्पण करताना संग्रहालयांमधला हा भेदच बोलून दाखवला. बहुसंख्य लोकांना बाहेर ठेवणारी संग्रहालयं त्या लोकांना परकी वाटली तर नवल काय, असा त्यांच्या म्हणण्याचा रोख होता.

पण परकेपणा घालवणं सोपं नव्हतं. १९९६ मध्ये केप टाउनच्या राष्ट्रीय कलादालनात पिप्पा स्कॉट्नेस यांनी ‘मिसकास्ट’ नावाचं प्रदर्शन मांडलं. हेतू चांगला होता: सान लोकांचे साचे, मोजमापं, छायाचित्रं घेणाऱ्या गोऱ्या विज्ञानालाच आरोपीच्या पिंजऱ्यात उभं करायचं. त्यासाठी जमिनीवर जुनी छायाचित्रं छापलेलं आवरण अंथरलं होतं. आपण या माणसांना तुडवत आलो, हे प्रेक्षकाला पायाखाली जाणवावं म्हणून. पण उद्घाटनाला खोई-सान वंशाचे लोक आले आणि त्यांना स्वतःच्या पूर्वजांच्या चेहऱ्यांवर पाय देऊन चालावं लागलं. संताप उसळला. हेतू कितीही शुद्ध असला, तरी मांडणी करताना त्या लोकांना विचारलं नव्हतं. अखेर २००१ च्या एप्रिलमध्ये काचेचं ते जुनं दालन बंद झालं. पुढच्या वर्षी सारा बार्टमन घरी आली. खोई समाजातल्या या बाईला १८१० मध्ये लंडनला नेऊन तमाशासारखं दाखवलं होतं. १८१५ मध्ये पॅरिसमध्ये ती मरण पावली आणि तिचा सांगाडा विसाव्या शतकातही कितीतरी दशकं तिथल्या संग्रहालयात प्रदर्शनात होता. मंडेलांनी मागणी केली, फ्रान्सला त्यासाठी खास कायदा करावा लागला आणि ९ ऑगस्ट २००२ ला ईस्टर्न केपमधल्या हँकी इथे तिचं दफन झालं. संग्रहालयातून माणूस बाहेर काढून त्याला माती देणं, हेही संग्रहालयाचंच काम ठरलं.

आता पुन्हा डिस्ट्रिक्ट सिक्स. ‘मिसकास्ट’सारखी तिथेही पायाखालची एक जमीन आहे, पण तिची गोष्ट अगदी वेगळी.

१८६७ मध्ये शहराचा सहावा विभाग म्हणून ही वस्ती नोंदली गेली, त्यावरून तिचं नाव. मुक्त झालेले गुलाम, व्यापारी, कारागीर, बंदरावरचे मजूर, ज्यू, मुसलमान, ख्रिस्ती असे सगळे एकमेकांना लागून राहत. ११ फेब्रुवारी १९६६ ला सरकारनं हा भाग फक्त गोऱ्यांसाठी जाहीर केला. पुढच्या पंधरा-सोळा वर्षांत ६०,००० हून अधिक लोकांना उचलून शहराबाहेर केप फ्लॅट्सच्या वाळवंटी सपाटीवर टाकलं. घरं पाडली, मशिदी आणि चर्च तेवढी ठेवली. भागाचं नावही बदलून ‘झोनेब्लूम’ म्हणजे सूर्यफूल असं गोंडस केलं. पाडकाम चालू असतानाच ब्युटेनकांत स्ट्रीटवरच्या त्या मेथडिस्ट चर्चनं बाहेर एक पाटी लावली होती. कातडीच्या रंगावरून घरं सोडावी लागलेल्यांची आठवण येणाऱ्या-जाणाऱ्यानं लाजेनं ठेवावी, अशा अर्थाची. पुढे तिथेच संग्रहालय झालं, ते उगीच नव्हे.

१९९४ चं पहिलं प्रदर्शन, ‘स्ट्रीट्स’, दोन आठवडे चालायचं होतं. ते आवरलंच नाही, कारण लोक थांबेनात. जमिनीवर वस्तीचा प्रचंड नकाशा अंथरला होता. माणसं त्यावर वाकली, गुडघे टेकले, आपलं घर शोधलं आणि तिथे नाव लिहिलं. कुणी कोपऱ्यावरच्या दुकानाचं लिहिलं, कुणी शेजाऱ्याचं. शेजारी एक लांबच लांब कापड होतं. त्यावरही लोकांनी आठवणी लिहिल्या, नंतर त्या अक्षरांवर भरतकाम झालं. ‘मिसकास्ट’मध्ये जमिनीवर लोकांचे चेहरे छापले होते, इथे जमिनीवर लोकांनी स्वतःच्या हातानं लिहिलं. या दोन जमिनींमध्ये दोन वर्षांचंही अंतर नाही, शहरही तेच.

म्युझियममध्ये प्रेक्षकांना फिरवणारे बरेचसे त्याच वस्तीतले. नूर इब्राहिम हे त्यांच्यापैकी एक. ते कबुतरं पाळत. घर सोडून अथलोनला गेल्यावर त्यांनी पक्ष्यांना नव्या जागेची सवय व्हावी म्हणून काही महिने कोंडून ठेवलं, मग सोडलं. संध्याकाळपर्यंत एकही परतलं नाही. दुसऱ्या दिवशी ते कॅलेडन स्ट्रीटवरच्या जुन्या जागेवरून गेले. घर पाडून झालं होतं. त्या मोकळ्या जागेवर सुमारे ५० कबुतरं बसली होती. हे ऐकायला बसलेल्या शाळकरी मुलाला ‘ग्रुप एरियाज ॲक्ट’ची कलमं पाठ करावी लागत नाहीत.

जोहान्सबर्गला याच कामाला सरकारी बळ मिळालं. तिथल्या टेकडीवरचा ‘ओल्ड फोर्ट’ हा तुरुंग १९८३ पर्यंत चालला. काळ्या पुरुषांच्या विभागाचं नाव नुसतं ‘नंबर फोर’. काळ्यांना सक्तीचा असलेला पास जवळ नाही म्हणून पकडलेले मजूर इथे चोर-दरोडेखोरांबरोबर कोंबले जात. प्रदर्शन उभारताना इथे कैदेत राहिलेल्यांना परत बोलावून त्यांच्या तोंडून सगळं ऐकलं गेलं. राजकीय कैद्यांबरोबर साधे कैदीही बोलले. गुन्हेगार नक्की कोण, हा प्रश्न प्रेक्षकासमोर ठेवला गेला. शिवाय अंडरट्रायल कैद्यांची इमारत पाडून तिच्या विटांनी शेजारी देशाचं संविधान न्यायालय बांधलं. तिचे चार जिने मुद्दाम राखले. २१ मार्च २००४ ला न्यायालय तिथे सुरू झालं. न्यायाधीश बसतात त्या दालनाच्या भिंतीत जमिनीलगत काचेची पट्टी आहे. त्यातून बाहेरून जाणाऱ्यांचे पाय दिसतात.

याच तुरुंगात १९०८ मध्ये गांधीजी होते. आपल्याला काळ्या कैद्यांच्या वर्गात टाकल्याचा तेव्हा त्यांना त्रास झाला होता, आणि तो त्यांनी लिहूनही ठेवला. तिथे त्यांचं स्मरण करताना हेही लक्षात ठेवावं, असं मला आग्रहानं सांगावंसं वाटतं. महात्म्याचा पूर्वग्रह झाकून ठेवला की त्याचा प्रवास किती लांबचा होता, हेही झाकलं जातं.

न्यायालयाच्या दर्शनी भागावर त्याचं नाव ११ भाषांत लिहिलं आहे, कारण नव्या संविधानानं ११ अधिकृत भाषा मानल्या. मराठी माणसाला इथे १९१२ आठवावं. ऑक्टोबरमध्ये गोपाळ कृष्ण गोखले दक्षिण आफ्रिकेत आले. जोहान्सबर्गच्या सभेत गांधीजींनी त्यांना मराठीत बोलायचा आग्रह केला. तिथल्या कोकणी मुसलमानांना आणि थोड्या मराठी हिंदूंना ते आपल्या भाषेत ऐकायचे होते. गोखले मराठीत बोलले आणि गांधीजींनी हिंदुस्तानीत अनुवाद केला. ज्या शहरात त्या श्रोत्यांना मताचा अधिकार नव्हता, तिथे त्यांना निदान त्यांच्या भाषेत ऐकायचा मान मिळाला.

रॉबेन आयलंडवर माजी राजकीय कैदी प्रेक्षकांना कोठड्या दाखवतात, हे सर्वांना ठाऊक आहे. मला तिथली जेवणाची पाटी अधिक बोलकी वाटते. ‘कलर्ड’ म्हणजे मिश्रवंशी आणि आशियाई कैद्यांना मांस ६ औंस, काळ्यांना ५. मुरंबा पहिल्यांना १ औंस, काळ्यांना काहीच नाही. तुरुंगातही माणसांची प्रतवारी औंसांत मोजली होती.

मात्र पाट्या परत आल्या म्हणजे जमीन परत आली असं होत नाही. १९९४ च्या कायद्यानं विस्थापितांना दावे करता आले. २००४ मध्ये पहिले दोन वृद्ध डिस्ट्रिक्ट सिक्समध्ये घरी परतले, पण बाकीचं काम रखडत गेलं. २०१९ मध्ये भूदावा न्यायालयानं या दिरंगाईबद्दल सरकारला फटकारलं. दावेदार म्हातारे होत होते, काही वारले. त्याच वर्षाच्या अखेरीस ‘झोनेब्लूम’ हे नाव रद्द होऊन ‘डिस्ट्रिक्ट सिक्स’ अधिकृत झालं. टेबल माउंटनच्या पायथ्याशी गवत वाढलेले मोकळे तुकडे त्यानंतरही उरले.

दर वर्षी ११ फेब्रुवारीला जुने रहिवासी म्युझियमपाशी जमतात आणि त्या मोकळ्या जागेकडे चालत जातात. तिथे दगडांची एक रास आहे. प्रत्येक जण हातातला दगड तिच्यावर ठेवतो. आता आजोबांचा हात धरून नातवंडंही येतात, आणि त्यांच्या हातातही दगड असतो.