मोटारीचा मंदावलेला ‘पिकअप’ : कारणे आणि उपाय

‘गाडी उचलत नाही’, ‘चढावर दबते’, ‘पिकअप गेला’ अशा शब्दांत जुन्या मोटारीचे मालक आपली तक्रार गॅरेजमध्ये मांडत असतात. पेट्रोलवर चालणारी सेडान मोटार स्वयंचलित गिअरची असेल, तर ‘गिअरबॉक्स गेला’ हे निदान पुष्कळदा तपासणीपूर्वीच ऐकावयास मिळते. पंधरा वर्षे वापरलेल्या मोटारीचा गिअरबॉक्स खोलण्याचा खर्च मोटारीच्या उरलेल्या किमतीच्या जवळपास जाऊ शकतो. परिणामी, एरवी सुस्थितीत असलेली मोटार भंगाराच्या वाटेला लागते. वास्तविक पिकअप मंदावणे हा रोग नसून लक्षण आहे. त्यामागील अनेक कारणे अल्प खर्चात दूर होण्याजोगी असतात. शोध योग्य क्रमाने घेतला जाणे एवढेच अगत्याचे आहे.

हा प्रश्न केवळ खर्चाचाही नाही. दुपदरी रस्त्यावर मालमोटारीला ओलांडून पुढे जाण्यास पूर्वी ८ सेकंद लागत असतील आणि आता १२ सेकंद लागत असतील, तर त्या वाढीव ४ सेकंदांत समोरून ताशी ६० किलोमीटर वेगाने येणारे वाहन सुमारे ६७ मीटर अधिक जवळ आलेले असते. चालकाचा अंदाज मात्र जुन्या सवयीचाच असतो. अपघाताचा धोका या तफावतीत दडलेला आहे.

शक्तीचा प्रवास

अॅक्सिलरेटर दाबला की इंजिनात अधिक हवा शिरते आणि त्या प्रमाणात पेट्रोल सोडले जाते. १ किलो पेट्रोल पूर्णपणे जळण्यास सुमारे १४.७ किलो हवा लागते. हे मिश्रण प्लगच्या ठिणगीने पेटते आणि जळालेला वायू सायलेन्सरवाटे बाहेर पडतो. हवा, इंधन, ठिणगी आणि धुराची मोकळी वाट या चारांपैकी एकातही उणीव आली, तरी इंजिनाचा जोर घटतो.

हाताने गिअर बदलावयाच्या मोटारीत इंजिन आणि गिअर यांना क्लच जोडतो. जुन्या स्वयंचलित मोटारींपैकी बहुतेकांत हे काम टॉर्क कन्व्हर्टर करतो. जर्मन अभियंते हेर्मान फॉटिंगर यांनी १९०५ साली जहाजांसाठी या तत्त्वाचे पेटंट घेतले होते. यात इंजिनाने फिरविलेले एक चक्र तेलाला वेग देते आणि ते तेल समोरचे दुसरे चक्र फिरविते. दोहोंच्या मध्ये असलेले तिसरे चक्र परतणाऱ्या तेलाला योग्य दिशा देऊन सुरुवातीचा जोर वाढविते. हे मधले चक्र निकामी झाले, तर मोटार जागेवरून निघताना सुस्त राहते. वेग घेतल्यावर मात्र ठीक चालते.

काटा काय सांगतो?

दोष इंजिनात की गिअरबॉक्समध्ये, याचा पहिला कौल इंजिनाचे मिनिटाला होणारे फेरे दाखविणारा आर.पी.एम.चा काटा देतो. मोकळ्या व सुरक्षित रस्त्यावर, शक्यतो सोबत जाणकार घेऊन, त्याचे निरीक्षण करावे.

अॅक्सिलरेटर दाबताच काटा झपाट्याने वर गेला, पण मोटारीने वेग घेतला नाही, तर गिअरबॉक्स घसरत असण्याचा संभव असतो. सी.व्ही.टी. प्रकारच्या मोटारीत मात्र फेरे आधी चढणे आणि वेग मागून येणे काही अंशी स्वाभाविकच असते. काटाच रेंगाळत वर चढत असेल, तर दोष बहुधा इंजिनात असतो. काटा आणि वेग एकमेकांना धरून आहेत, तरीही मोटार जड वाटते, अशा वेळी चाकांकडे वळावे. अडकलेला ब्रेक किंवा टायरमधील कमी हवा मोटारीला सतत मागे ओढत असते. थोड्या प्रवासानंतर एकाच चाकाजवळ जळका वास वा अधिक उष्णता जाणवणे, ही ब्रेक अडकल्याची खूण होय.

प्रारंभ स्वस्त तपासण्यांपासून

इंजिनाच्या तपासणीत एअर फिल्टर प्रथम पाहावा. धुळीच्या रस्त्यांवर तो लवकर भरतो. त्यानंतर प्लग आणि इग्निशन कॉइल तपासावी. एका सिलिंडरची ठिणगी चुकत असेल, तर इंजिन थरथरते आणि चढावर धक्के देते. थ्रॉटलमध्ये साठलेला कार्बन आणि हवा मोजणाऱ्या सेन्सरवरील धूळ साफ करण्यास फारसा खर्च येत नाही. इंधनाचा फिल्टर तुंबला असेल किंवा पंपाचा दाब घटला असेल, तर मोटार शहरात बरी चालते. परंतु महामार्गावर पूर्ण जोराची मागणी होताच दबते. हा दाब गेजने मोजता येतो. पंप अंदाजाने बदलण्याचे कारण नाही.

फेरे एका मर्यादेपलीकडे चढतच नसतील, तर सायलेन्सरच्या मार्गातील कॅटॅलिटिक कन्व्हर्टर तपासावा. मुंबईसह चार महानगरांत नव्या पेट्रोल मोटारींना तो १९९५ पासून आवश्यक झाला. चुकणाऱ्या ठिणगीमुळे न जळालेले पेट्रोल त्यात पोहोचते, तेथे जळते आणि अतिउष्णतेने आतील जाळी वितळून वाट बंद होते. म्हणजेच एका प्लगकडे केलेले दुर्लक्ष पुढे महागड्या भागाच्या मुळावर येते. मूळ दोष न काढता नवा कन्व्हर्टर बसविला, तर त्याचीही तीच गत होते.

गिअरबॉक्सचे तेल

संशयाचा रोख गिअरबॉक्सकडे वळला, तरी प्रथम तेल पाहावे. अनेक मोटारींत हे तेल नवे असताना लाल असते. ते काळे पडले असेल आणि त्याला करपट वास येत असेल, तर आतील क्लचच्या पट्ट्या झिजल्याचा संशय घ्यावा. पातळी मोजण्याची रीत प्रत्येक मोटारीची वेगळी असते. कोठे इंजिन चालू ठेवून, तर कोठे बंद करून ती मोजतात. यास्तव मोटारीसोबतची पुस्तिका प्रमाण मानावी. तेलही तिच्यात सांगितलेल्या प्रकारचेच भरावे.

अॅक्सिलरेटर पूर्ण दाबल्यावर खालचा गिअर पडावा, यासाठी जुन्या मोटारींत एक केबल असते. ती सैल झाली, तर मोटार वरच्याच गिअरमध्ये कण्हत राहते. तसेच संगणकाला दोष आढळल्यास तो गिअरबॉक्सच्या रक्षणासाठी मोटार एकाच गिअरमध्ये रोखून धरतो. अशा वेळी इशाऱ्याचा दिवा लागला असेल, तर स्कॅनर लावून दोषाचा क्रमांक वाचून घ्यावा.

दोष नसलेली मंदता

काही मंदता निसर्गनियमाने येते. महाबळेश्वर समुद्रसपाटीपासून सुमारे १,३५० मीटर उंचीवर आहे. तेथील हवा किनाऱ्यावरील हवेपेक्षा सुमारे १२ टक्के विरळ असते आणि साध्या पेट्रोल इंजिनाचा जोरही जवळपास तेवढाच घटतो. पसरणी घाट चढताना भरलेली मोटार थोडी जड वाटली, तर बिघाडाची शंका घेऊ नये.

पेट्रोलमधील इथेनॉलचे प्रमाण २०२५ साली देशात २० टक्क्यांवर पोहोचले. एक लिटर इथेनॉलमध्ये पेट्रोलच्या सुमारे दोन-तृतीयांश ऊर्जा असते. त्यामुळे अशा मिश्रणाच्या प्रत्येक लिटरमध्ये ६ ते ७ टक्के ऊर्जा कमी भरते. याचा परिणाम मुख्यतः मायलेजवर होतो. पिकअप एकाएकी निम्म्यावर आला, तर त्याचे खापर इंधनावर फोडून स्वस्थ बसू नये. जुन्या मोटारीतील रबरी नळ्या व इंधन फिल्टर मात्र या निमित्ताने तपासून घ्यावेत.

मालकाच्या हाती

पीयूसी चाचणीची पावती अनेक जण आकडे न वाचताच ठेवून देतात. कार्बन मोनॉक्साइड वाढला असेल, तर पेट्रोल प्रमाणाबाहेर जात असल्याचे, आणि हायड्रोकार्बन वाढले असेल, तर ठिणगी चुकत असल्याचे ते सूचक असते. मागील पावत्यांशी ताडून पाहिल्यास हा बदल वेळीच लक्षात येतो.

गॅरेजमध्ये जाताना मंदता थंड इंजिनात जाणवते की तापल्यावर, सपाटीवर की चढावर, आणि त्या वेळी काटा कोठे असतो, हे टिपून न्यावे. मोठा भाग बदलण्यापूर्वी इंधनाचा दाब, सिलिंडरचे कॉम्प्रेशन आणि स्कॅनरवरील क्रमांक लेखी मागावेत. कॉम्प्रेशनच घटले असेल किंवा तेलात धातूचा कीस आढळला, तर मोठ्या दुरुस्तीचा विचार अटळ ठरतो. परंतु तो मोजमापाच्या आधारे व्हावा. दोष दूर होईपर्यंत दुपदरी रस्त्यावर पुढील वाहन ओलांडण्याचा मोह टाळणे, हे मोटारीतील सर्वांच्या हिताचे आहे.